मे महिन्यात लाउटरब्रुनेन: विमानाच्या तिकिटाआधी केबल कारच्या तारखा बघा

स्वित्झर्लंडमधल्या लाउटरब्रुनेन दरीच्या सहलीबद्दल इथे एकाने विचारलंय: "मेच्या पहिल्या आठवड्यात आईबाबा आणि मुलगा, मेनलिखेन ते क्लाइने शाइडेग (दरीच्या वरची डोंगरवाट) चालायचं, मुलाला स्लेज (बर्फावरची घसरगाडी) करायचीय, ट्रॅव्हलवाले म्हणतात सगळं चालू असतं". हे वाचून राहवलं नाही. आम्हालाही एका ट्रॅव्हल कार्यालयाने अगदी हेच सांगितलं होतं. नंतर विचारलं तर "केबल कार पॅकेजमध्ये नव्हतीच" एवढंच उत्तर. व्हिसा-कपड्यांवर बाकीच्यांनी लिहिलंय, ते सोडतो.

आपल्या शाळांची उन्हाळी आणि दिवाळीची सुट्टी, दोन्ही आल्प्सच्या अधल्यामधल्या काळात येतात. स्कीचा हंगाम साधारण एप्रिलच्या मध्याला संपतो, चालण्याचा मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला उघडतो. मधल्या आठवड्यांत दोरखंड, चाकं, ब्रेक यांची वार्षिक तपासणी असते. दरीच्या वरच्या वेंगन गावातून मेनलिखेनला जाणारी केबल कार तेव्हा बंद, समोरच्या म्युरेन गावातून वर आल्मेंटहुबेलला जाणारी गाडीही बंद. ऑक्टोबरअखेर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत पुन्हा तेच. युंगफ्राउयोख या उंच बर्फाळ खिंडीपर्यंत जाणारी रेल्वे मात्र बाराही महिने चालते. "सगळं चालू" म्हणणारा बहुतेक तेवढंच बघून बोलतो.

वर पोचलात तरी वाट मोकळी नसते. २२०० मीटरच्या आसपास उत्तरेकडच्या घळींत जुना बर्फ उरतो. सकाळी तो काचेसारखा टणक, पाय सरकला की थांबायला काही नाही. दुपारी तोच गुडघाभर खचतो, आणि खालून ओढा वाहत असला तर आतून पोकळ असतो. स्पोर्ट शूज घालून आईबाबांना त्यावर नेऊ नका, चार पावलंसुद्धा नाही. वाटेवरच्या पिवळ्या दिशादर्शक पाट्यांवर लिहिलेल्या वेळेत विश्रांती धरलेली नसते, आपल्या माणसांसाठी दीडपट धरा.

तारखा हलणारच नसतील तर दरीच्या तळाशी राहा. लाउटरब्रुनेन ते श्टेखेलबेर्ग ही सुमारे सहा किलोमीटरची जवळजवळ सपाट वाट आहे. वाटेत ट्र्यूमेलबाख: आयगर, म्योंख, युंगफ्राउ या शिखरांवरच्या हिमनद्यांचं पाणी डोंगराच्या पोटातून दहा धबधब्यांनी उतरतं, भर वितळणीत सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत. आत पायऱ्या ओल्या असतात, रेनकोट हवाच. चार वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत. मेमध्ये धबधबे जोरात असतात, त्यामुळे हा बेत दुय्यम मुळीच नाही.

तारखा हलत असतील तर माझं स्पष्ट मत: चालायला शाळा उघडायच्या आधीचा जूनचा पंधरवडा, तोही वाट उघडल्याची खात्री करून. स्लेजसाठी जानेवारी-फेब्रुवारी. तेव्हा मुक्काम खाली नको, कड्यांमुळे दरीत ऊन जेमतेम येतं. वेंगन १२७४ मीटरवर, उन्हात आहे. चालायला गुलाबी पाट्यांच्या हिवाळी वाटा, स्लेजच्या वाटा वेगळ्या. स्लेज थांबवताना दोन्ही पायांचे तळवे सपाट टेकवायचे, टाचा रोवल्या की घोटा मुरगळतो. जीन्स नको, भिजली की वाळत नाही.

विम्याबद्दल मी जाणकार नाही, पॉलिसी स्वतः वाचा. शेंगेन व्हिसासाठीची ३०,००० युरोच्या विम्याची अट पूर्ण करणाऱ्या पॉलिसीतही हिवाळी खेळ आणि डोंगरातली सुटका वगळलेली असू शकते. "हेलिकॉप्टरने सुटका" धरली आहे का, हे ईमेलवर लेखी मागा, फोनवरचं "हो" पुढे कुणी मानत नाही. तिथल्या हेलिकॉप्टर सुटका सेवेचा, रेगाचा, नंबर १४१४.

हंगामाच्या तारखा दरवर्षी थोड्या सरकतात. प्रत्येक केबल कारच्या स्वतःच्या साइटवर बघा, एजंटच्या पत्रकात नाही.