निवृत्तीचे सहा लाख बाभळी-बोरींत घालावेत का?

प्रश्न : एसटीतून चालक म्हणून ५८व्या वर्षी नुकताच निवृत्त झालो. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचे मिळून १२ लाख रुपये हाती आले. निवृत्तिवेतन मात्र अगदी तुटपुंजे आहे. पाटोदा तालुक्यात चार एकर कोरडवाहू जमीन असून तीत बाजरी, तूर आणि रब्बी ज्वारी होते. त्यातच बाभूळ, हिवर आणि बोर अशी ६०० गावरान झाडे सहा लाख रुपये खर्चून लावावीत, असा विचार आहे. मुलगा चंदन लावा म्हणतो.

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपण निवडलेली झाडे आपल्या माळाचीच आहेत आणि कमी पावसात तगणारी आहेत, त्यामुळे निवडीबद्दल माझी हरकत नाही. हरकत आहे ती संख्येला आणि रकमेला.

चार एकरांत ६०० झाडे म्हणजे एका झाडाच्या वाट्याला सुमारे २७ चौरस मीटर जागा, म्हणजे दोन झाडांत जेमतेम पाच मीटर. बाभळीचा घेर वाढला की तेथे तिफण वळणार नाही आणि ज्वारीला ना पुरेसे ऊन मिळेल ना ओल. घरची भाकरी आणि कडबा ज्या रानातून येतो, ते रान असे झाकून टाकणे मला धोक्याचे वाटते.

आता पैशांचे पाहू. आपण एका झाडामागे १,००० रुपये धरले आहेत. हीच रक्कम सात टक्के चक्रवाढीने १५ वर्षांत सुमारे २,७५० रुपये होते. सहाशेपैकी २०० रोपे दगावली, तर उरलेल्या प्रत्येक झाडाने राखणीचा खर्च वजा जाता ४,१०० रुपयांहून अधिक दिले, तरच ठेवीशी बरोबरी होईल. बोर ते फळांतून देऊ शकेल. जळणाच्या भावाने जाणारी बाभूळ देईल, असे धरून मी आपल्याला सल्ला देणार नाही. शिवाय २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. तसा उन्हाळा पुन्हा आला, तर ६०० रोपांसाठी टँकर कोठून आणणार?

म्हणून नऊ लाख रुपये ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवावेत, असे मी सुचवतो. साठ वर्षे पूर्ण नसली तरी निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत आपल्याला हे खाते उघडता येते आणि व्याज दर तिमाहीला मिळते. आजारपणासाठी अडीच लाख बँकेत असावेत. उरलेले ५०,००० रुपये झाडांचे.

तेवढ्यात आतल्या बांधांवर ८० झाडे सहज होतात. खड्डा, रोप, काटेरी आळे आणि दोन उन्हाळ्यांचे पाणी मिळून झाडामागे ५०० रुपये धरले, तरी ४०,०००च लागतील. सामाईक बांध मात्र सोडा, कारण सावलीवरून होणारे तंटे वर्षानुवर्षे चालतात. बाभळीसाठी रोपे विकत घेण्याचीही गरज नाही. शेंगा खाणाऱ्या शेळ्यांच्या लेंड्यांतले बी वेचावे. पोटातून गेल्याने त्याचे कवच मऊ पडते आणि ते लवकर उगवते. गावरान बोरीचे बी जागेवरच टोकून पुढे त्यावर उमराण या बोराच्या सुधारित जातीचा डोळा भरावा, म्हणजे कलम करावे; जागेवरच उगवल्याने मूळ खोल जाते. बोर उन्हाळ्यात पाने गाळून विसावते, त्यामुळे मोठे झाड त्या दिवसांत पाणी मागत नाही, आणि छाटणीच्या काटेरी फांद्या लहान रोपांभोवती कुंपणाला येतात.

चंदनाबाबत मुलाचा आग्रह मानू नये. त्याला चोरांपासून वर्षानुवर्षे राखण लागते, तोडीला परवानगी लागते, आणि एकरी कोटींची खात्री देणाऱ्या कोणत्याही करारावर आपण सही करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

लावलेल्या झाडांची नोंद ई-पीक पाहणीत, म्हणजे सातबाऱ्यासाठी मोबाइलवरून होणाऱ्या पीकनोंदणीत, करावी आणि मजुरी-रोपांच्या पावत्या जपून ठेवाव्यात. मशागत वा लागवड न करता आपोआप वाढलेल्या झाडांच्या विक्रीचे उत्पन्न शेतीचे ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये दिला आहे. म्हणजे लाकूड विकताना करमाफी हवी असेल, तर लागवडीचा पुरावा हाताशी हवा. घरच्या चाऱ्यासाठी मात्र नांगराखाली मोडणारी हिवराची आपसूक रोपे राखायला काहीच खर्च नाही.

या पावसाळ्यात तीसच झाडे लावा आणि दुसऱ्या उन्हाळ्यानंतर किती जगली ते मोजून मला कळवा. उरलेल्या ५० झाडांचे तेव्हा ठरवू.