जर्मनीत गाडी चालवण्याची तयारी: एका प्रश्नाला लांबलेले उत्तर

जानेवारीत नाशिकहून स्टुटगार्टजवळ राहायला येणार आहात, सोबत पत्नी आणि सात वर्षांचा मुलगा आहे, आंतरराष्ट्रीय परवाना काढून झाला आहे आणि इथे आल्यावर गाडी घेऊन युरोप फिरायचा आहे, तर सामानात काय घ्यावे आणि कोणती तयारी करावी, असे तुम्ही विचारले आहे. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळे व्हावे असे ठरवले होते, पण मीही 2016 साली सात वर्षांच्याच मुलीला घेऊन या भागात आलो होतो, त्यामुळे ते जमले नाही.

इशारात्रिकोण, चमकते जाकीट, प्रथमोपचार पेटी ही यादी तुम्हाला कुठेही मिळेल. यातले काहीही तिकडून आणू नका. पेटी इथल्या डीआयएन 13164 या मानकाचीच लागते आणि ती साध्या सुपरमार्केटातही मिळते. मुलाची सीटही आणू नका. वय 12 पूर्ण होईपर्यंत किंवा उंची 150 सेंटिमीटर होईपर्यंत ती सक्तीची आहे आणि तिच्यावर युरोपीय मान्यतेचे नारिंगी लेबल असावे लागते. बॅगेतली ती जागा कुकरला द्या.

आणायची आहेत ती कागदपत्रे, आणि त्यातही नाव. माझ्या परवान्यावर आडनाव आधी होते आणि वडिलांच्या नावाचे नुसते आद्याक्षर होते, तर पासपोर्टवर तिन्ही नावे पूर्ण होती. इथल्या परवाना कार्यालयात खिडकीपलीकडच्या बाईंनी दोन्ही कागदपत्रे शेजारी शेजारी ठेवली, त्या आद्याक्षराखाली पेन्सिलीचे टोक टेकवले आणि ही दुसरी व्यक्ती कोण, असे अगदी सौजन्याने विचारले. ते माझे वडील आहेत, हे उत्तर त्यांना पुरेसे वाटले नाही. मग मूळ जिल्ह्यातल्या कार्यालयातून दाखला मिळवण्यासाठी त्याच वडिलांना, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, तीन फेऱ्या माराव्या लागल्या. तेव्हा विमानात बसण्यापूर्वी परवान्यावरचे नाव पासपोर्टशी जुळवून घ्या, मुदत संपत आली असेल तर नूतनीकरणही उरका, आणि पत्नीचा परवाना असेल तर तोही यातून सोडू नका.

आता माझ्या चुकीबद्दल. आंतरराष्ट्रीय परवान्यावर एक वर्षाची मुदत छापलेली असते आणि ती वाचून आपल्या हाती वर्ष आहे, असा माणसाचा समज होतो. तसे नाही. तुम्ही इथे वास्तव्य सुरू केलेत की भारतीय परवाना सहा महिनेच चालतो. आंतरराष्ट्रीय परवाना हा त्याचा निव्वळ अनुवाद आहे, तो ही मुदत वाढवत नाही. त्यानंतर गाडी चालवणे हा दंडावर भागणारा प्रकार नसून फौजदारी गुन्हा आहे. ज्या देशांचे परवाने परीक्षेशिवाय बदलून मिळतात त्यांत भारत नाही. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते, प्रत्यक्ष परीक्षा मात्र जर्मनमध्येच होते. ड्रायव्हिंग स्कूलच्या ठरावीक तासांची सक्ती आपल्याला नाही, याचा मी मात्र भलताच अर्थ घेतला. चौदा वर्षे गाडी हाकलेल्या माणसाला कोण काय शिकवणार, अशा तोऱ्यात मी अर्जच पाचव्या महिन्यात केला.

पहिल्यांदा नापास झालो तो एका गल्लीमुळे. इथे फलक नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते, मग तो कितीही चिंचोळ्या बोळातून येत असो. माझ्या हाडात मात्र मोठा रस्ता म्हणजे मोठा मान हेच मुरलेले होते. दुसऱ्या परीक्षेत वळताना खांद्यावरून मागे पाहिले नाही आणि सायकलस्वारासाठी ब्रेक लावा, असे परीक्षकाने सांगितले. त्याआधी वळणाचा दिवा लावायला गेलो तर कोरड्या काचेवर वायपर फिरू लागले, कारण इथल्या गाड्यांत ती दांडी डावीकडे असते. माझ्या पत्नीने तिकडे जेमतेम वर्षभर गाडी चालवली होती. तिने आठ तास शिकवणी घेतली आणि पहिल्याच प्रयत्नात परीक्षा पार केली. मी तिचे अभिनंदन केले, पण ते नीट केले नाही.

सहा महिन्यांची मुदत संपल्यापासून तोपर्यंतचे साडेचार महिने गाडी दारात उभी होती. मुलीचा जर्मन शिकण्याचा पूर्वतयारी वर्ग नऊ किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावात होता, बस तासाला एक, आणि मधला जोड चुकला की पहिला तास बुडायचा. तो भाषेचाच तास असे. वर्षअखेरीस तिला त्याच इयत्तेत ठेवावे असे शाळेने कळवले, त्या पत्रात उशिराचे दिवस मोजून लिहिले होते. शाळेचे चुकले असे मी बरीच वर्षे सांगत असे, आणि आईला व्हिडिओ कॉलवर, इथे सगळेच बसने जातात गं, असे म्हणत असे. तुमच्या मुलाची शाळा कुठे असेल हे आधी पाहा आणि परवान्याचा अर्ज पहिल्याच महिन्यात करा.

एकटेपणाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, ते बरेच केलेत. पहिला हिवाळा जड जातो आणि सरतो.

फिरायला निघाल तेव्हा जाकिटे डिकीत नव्हे, हाताशी ठेवा. हिवाळी टायरवर तीन शिखरे आणि हिमकण असलेले चिन्ह पाहून घ्या. ऑस्ट्रियाच्या महामार्गांसाठी विन्येट, म्हणजे ठरावीक मुदतीचा टोलचा पास, लागते. स्वित्झर्लंडची 40 फ्रँकची असते आणि डिसेंबरपासून पुढच्याच्या पुढच्या जानेवारीअखेरपर्यंत चौदा महिने चालते, म्हणून आम्ही ती डिसेंबरातच घेतो. इटलीत जुन्या शहरांच्या वेशीवर झेडटीएल, म्हणजे फक्त परवानगी असलेल्या गाड्यांसाठीचा भाग, हा फलक दिसला की आत शिरू नका, भले नकाशा काही सांगो. टस्कनीत मी एका चर्चभोवती दोन चकरा मारल्या होत्या, त्यांची दोन वेगवेगळी पत्रे सात महिन्यांनी घरी आली. समोरच्याने दिवे लुकलुकवले तर बहुधा तो तुम्हाला आधी जा म्हणतो आहे. आपल्याकडे त्याचा अर्थ नेमका उलटा, हे विसरू नका. महामार्गावर वाहने तुंबली की डाव्या रांगेने डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकून रुग्णवाहिकेला वाट ठेवायची असते, आणि ती गाड्या थांबण्यापूर्वीच.

मुलगी आता सतरा वर्षांची होईल. त्या वयात इथे सोबत नोंदवलेली मोठी व्यक्ती बसवून गाडी चालवता येते. त्या व्यक्तीचे वय किमान 30 असावे लागते आणि तिच्याकडे पाच वर्षांपासून सलग युरोपीय परवाना असावा लागतो. दोघेही त्यात बसतो. परवा तिने अर्ज भरून टेबलावर ठेवला होता, त्यात फक्त आईचे नाव होते. मी विचारले नाही.