स्वस्त पिझ्झा ओव्हन: आधी उष्णता धरा, आगीचं नंतर बघू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गच्चीवर वापरायला बारा इंची, गॅसवरचा स्वस्तातला ओव्हन घेतलाय. वरचं चीज करपतं, बूड कच्चं राहतं, दुसरा-तिसरा पिझ्झा तर आणखीच फिका निघतो. तेव्हा जास्त दाबाचा रेग्युलेटर लावावा का?

नका लावू. चीज करपतंय म्हणजे ज्योत भरपूर आहे. गॅस वाढवलात तर चीज आणखी लवकर काळं पडेल आणि बूड होतं तसंच राहील. शिवाय घरगुती रेग्युलेटर साधारण ३० मिलिबार दाबाने गॅस सोडतो आणि घरचं सिलिंडर, नळी, बर्नर सगळं त्याच हिशेबात चालतं. तुमचा ओव्हन कुठल्या दाबासाठी बनवलाय हे त्याच्यावरच्या पट्टीवर बघा. जुळत नसेल तर जेट (बर्नरला गॅस सोडणारं बारीक भोकाचं तोंड) बदलणं गॅसच्या मेकॅनिकचं काम. घरी खटाटोप करू नका.

नेपल्सच्या पिझ्झाचे नियम ठरवणारी संघटना १९८४ची. तिच्या मते भट्टीची जमीन ३८० ते ४३० अंश असावी आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत व्हावा. विटांच्या भट्टीला हे जमतं, कारण तिचं पोट आधीच तास-दोन तास तापलेलं असतं. आपला ओव्हन एकेरी पत्र्याचा, आत पातळसा दगड. पहिल्या पिझ्झाच्या ओल्या कणकेने दगडातली उष्णता ओढून घेतली की दुसऱ्याला उरत नाही.

म्हणून पहिला खर्च इन्फ्रारेड थर्मामीटरचा. कपाळाला धरायचा ताप मोजायचा नव्हे, किमान ५०० अंशांपर्यंत वाचणारा. बरेच स्वस्त ३८० लाच थांबतात, तेव्हा घेताना खोक्यावरचा आकडा वाचा. दारावरच्या काट्यावर अजिबात विसंबू नका, तो हवेचं तापमान दाखवतो. दगड तीन ठिकाणी मोजा: ज्योतीजवळ, मध्ये आणि तोंडाशी. तोंडाकडची बाजू बरीच थंड सापडेल आणि एकाच पिझ्झाची एक कड काळी, दुसरी पांढरी का होते ते लगेच कळेल.

आता दगड. माझ्या मते पैसे घालायची खरी जागा हीच. १० मिमीच्या जागी १५ ते २० मिमीचा कॉर्डिएराइट, म्हणजे उष्णता सोसणारा सिरॅमिक दगड, घाला. स्टुडिओ पॉटरीच्या भट्टीत जे शेल्फ लागतात ते याचेच असतात. ते सामान विकणाऱ्यांकडे मापाचा कापून मिळतो का विचारा. कडप्पा किंवा शहाबादी फरशी घरी पडलेली असते, ती घालायचा मोह होईल. या तापमानाला फरशी तडकते, कपचे उडतात. तेही अन्नाशेजारी. लोखंडी प्लेटही नको, ती उष्णता इतक्या झपाट्याने देते की बूड जळून जातं. जाड दगडाला तापायला वेळ जास्त लागतो, अर्ध्या तासाला तयार राहा. पहिल्यांदा मंद आचेवर तापवा, कधीही पाण्याने धुऊ नका.

मग आवरण. बाहेरून, वरच्या घुमटावर, २५ मिमीचं सिरॅमिक फायबर ब्लँकेट. एमआयडीसीत फर्नेसची कामं करणाऱ्यांकडे किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटला चौकशी करा, उरलेला तुकडासुद्धा पुरतो. कापताना चांगला मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच, कारण ते बारीक तंतू फुप्फुसाला वाईट. उघडं तर मुळीच ठेवू नका. वरून स्टेनलेस पत्रा वाकवून पॉप रिव्हेटने बंद करून घ्या. ज्योतीजवळ किंवा ओव्हनच्या आत जीआय पत्रा लावू नका: त्यावरचा जस्ताचा थर ४२० अंशांच्या आसपास वितळतो आणि तापलेल्या जस्ताचा धूर माणसाला आजारी पाडतो. बर्नरची हवेची भोकं, नॉब आणि नळी यांच्या आसपास काहीही गुंडाळू नका. ओव्हनखालीही थोडं आवरण हवं, पण तिथे ब्लँकेट दबतं. तळाच्या पत्र्याला बाहेरून कॅल्शियम सिलिकेटचा बोर्ड, म्हणजे उष्णता अडवणारा कडक तक्ता, लावा.

एवढं झालं की तापवायची पद्धत बदला. मोठ्या ज्योतीवर दगड ३८० ते ४०० पर्यंत आणा, पिझ्झा सोडायच्या आधी ज्योत अगदी बारीक करा. अर्ध्या मिनिटाने चिमट्याने कड उचलून बघा. खाली तपकिरी बुंदके दिसायला लागले की ज्योत वाढवा आणि दर १५-२० सेकंदांनी फिरवा. दोन पिझ्झांच्या मध्ये थर्मामीटर पुन्हा ३८० दाखवेपर्यंत थांबा, पाहुणे कितीही घाई करोत.

कणकेत साखर आणि तेल घालत असाल तर या आचेला ते बंद करा, बूड करपायचं ते मोठं कारण. पिझ्झा ओव्हनमध्ये सरकवायच्या फावड्यावर रवा भुरभुरता तोही कमी घ्या: दगडावर पडलेला रवा जळतो आणि पुढच्या पिझ्झाला कडवट चव देतो. मोझरेला पाण्यातला असेल तर तासभर चाळणीत निथळू द्या.

महागडा ओव्हन घ्यायचा विचार दगड आणि आवरण होईपर्यंत बाजूला ठेवा. हे करूनही सलग तिसऱ्या पिझ्झाचं बूड फिकंच निघालं, तर दगडाचे तिन्ही आकडे आणि ज्योतीचा फोटो इथे टाका, पुढचं त्यावरून सांगतो.