'वांशिक कादंबरी' आणि आख्यायिका

प्रश्न असा आहे : 'बनगरवाडी'सारख्या लेखनाला समीक्षक 'वांशिक कादंबरी' म्हणतात, ते बरोबर आहे का?

अजिबात नाही. परिसंवादांतून हा शब्द सर्रास ऐकू येतो आणि दर वेळी दंगलीची बातमी लागल्यासारखे वाटते. 'वांशिक' हे इंग्रजी 'एथ्नोग्राफिक'चे भाषांतर. एथ्नोग्राफी म्हणजे एखाद्या समाजात राहून केलेले त्याच्या जगण्याचे वर्णन; तिच्यातला ग्रीक 'एथ्नॉस' म्हणजे लोक, जनसमूह. वंशाला तिकडे 'गेनॉस' आहे. 'लोकवर्णनपर' म्हणा, भागते. 'कादंबरी' हे नाव बाणभट्टाच्या नायिकेवरून आले, हे सर्वांना ठाऊकच आहे.

खरी गंमत बाणाच्या दुसऱ्या ग्रंथात आहे. हर्ष राजावरचे 'हर्षचरित' ही आख्यायिका. अमराच्या अमरकोशाने, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशाने, आख्यायिका आणि कथा यांतला भेद चार शब्दांत सांगितला : 'आख्यायिकोपलब्धार्था', 'प्रबन्धकल्पना कथा'. घडलेले, माहीत असलेले सांगते ती आख्यायिका. रचलेली ती कथा. काव्यशास्त्रकार भामहाच्या मते तर आख्यायिकेत नायक आपली हकीगत स्वतःच सांगतो. घडलेला मजकूर आणि सांगणारा 'मी', हेच तर गावात राहून लिहिणाऱ्या अभ्यासकाचे भांडवल! बाण आपल्या सोबत्यांची यादी देतो, त्यात विष उतरवणारा मयूरक, विडे देणारा चंडक, सोनार चामीकर अशी माणसे धंद्यासकट येतात. सातव्या उच्छ्वासाच्या, म्हणजे प्रकरणाच्या, शेवटी विंध्यातले एक रानगाव आहे. तिथे कोळशासाठी लाकडे जाळणारे लोहार आहेत, पाणपोया आहेत. इतके जवळून पाहणे राजस्तुतीला लागत नाही.

आणि आपण काय केले? 'अशी आख्यायिका आहे' असे देवळाच्या फलकावर लिहिले की समजायचे, पुरावा नाही. शब्द पुरता उलटा झाला.

दंडी या दुसऱ्या काव्यशास्त्रकाराने हा भेदच मोडीत काढला, 'एकच जात, नावे दोन', असे सांगून संस्कृतची मंडळी इथे चर्चा मिटवतात. मला ते पटत नाही. दंडी भांडतो ते निवेदक कोण, वक्त्र-अपरवक्त्र या छंदांतले श्लोक आहेत का, उच्छ्वास पाडले आहेत का, यावर. हे निकष कच्चेच होते. अमराची घडलेले-रचलेले ही कसोटी त्याने खोडलेली नाही.

ती कसोटी लावली तर 'बनगरवाडी' (१९५५) कथाच ठरते. माणदेशातले धनगर, मेंढरे, दुष्काळ सगळे पाहिलेले, पण 'मी' म्हणणारा राजाराम मास्तर कल्पिलेला. लॉरा बोहॅनन यांची अडचण नेमकी उलट. नायजेरियातल्या तीव लोकांमध्ये राहून मानवशास्त्र केलेल्या या बाईंचा 'मी' खरा होता, तरी १९५४ साली त्यांनी पुस्तक टोपणनावाने काढले, तेही कादंबरीच्या रूपात.