करवतीला मिशा आहेत का ते बघा

प्रश्न : परवा एका व्हिडिओत करवतीसारखं लांब नाक असलेला मासा पाहिला, खाली 'सॉशार्क' लिहिलेलं. मुलगी म्हणते बाबा हा सॉफिश आहे. कोण बरोबर? आणि हे मासे थेट पिल्लंच देतात म्हणे, मग ती करवत आईच्या पोटात लागत नाही का?

उत्तर : व्हिडिओ परत लावा आणि करवतीच्या मधोमध बघा, दोन्ही बाजूंना मिशांसारखा एकेक धागा लोंबत असेल तर तो सॉशार्कच, सॉफिशला मिशा नसतातच. शिवाय सॉशार्कचे कल्ले डोक्याच्या बाजूला असतात आणि सॉफिशचे पोटाकडून, कारण सॉफिश हा मुळात शार्क नाहीच, पाकट या चपट्या माशाच्या गोतावळ्यातला आहे. तो 6 मीटरच्याही पुढे जातो, सॉशार्क बिचारा साधारण दीड मीटरचा. पण मुलगी चुकली असली तरी रागावू नका, दोघांना करवत उत्क्रांतीत स्वतंत्रपणे आलीये पण दिसायला इतकी सारखी की कुणीही फसेल.

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या समुद्रात जो कॉमन सॉशार्क मिळतो तो वाळूच्या तळालगत फिरतो. मिशा वाळूवरून फिरवत छोटे मासे, कोळंबी वगैरे हुडकतो, करवतीवर सजीवांची बारीकशी वीजही ओळखणारी छिद्रं असतात, आणि भक्ष्य सापडलं की करवत आडवी फिरवून फटका मारतो. त्या करवतीचे दात एकसारखे नसतात, एक लांब मग मध्ये दोन-तीन आखूड मग परत लांब असे, आणि पडले तर नवीन येतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो मला फार आवडला. सॉशार्कची अंडी आईच्या पोटातच फुटतात, पिल्लं बलकावर वाढतात, साधारण वर्षभर. आणि इतके दिवस करवतीचे दात मागे दुमडून नाकाला चिकटलेले असतात, म्हणजे बघा, मिटलेल्या चाकूसारखे! फूटभर लांबीची सरासरी दहाएक पिल्लं आईला ओरखडाही न काढता बाहेर येतात, आणि मग दात ताठ होतात.

पण ज्या दातांची जन्माच्या वेळी एवढी काळजी घेतली जाते तेच पुढे नडतात. दुसऱ्याच माशांसाठी लावलेल्या जाळ्यात करवत अडकते, आणि एकदा दोरा दातांत गेला की मासा जितका झटका देतो तितका जास्त गुंततो.