आवाजामुळे डोळ्यांना दिसतं ते खरंच बदलतं का?
हो बदलतं, आणि नुसतं 'वाटतं' असं नाही, चक्क वेगळं दिसतं. २००० साली लदन शम्स आणि तिच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला, स्क्रीनवर नजरेच्या जरा कडेला एकदाच फ्लॅश आणि त्याच वेळी पटापट दोन बीप, तर बघणारे लोक म्हणाले की फ्लॅश दोनदा झाला! गंमत म्हणजे नंतर खरं काय ते सांगितलं तरी दोनच दिसतात.

दुसरं उदाहरण त्याआधीचं, १९९७ चं. दोन ठिपके समोरासमोरून येतात, एकमेकांना ओलांडून निघून जातात, पण ते भेटतात नेमक्या त्या क्षणी 'टक' असा आवाज केला की बऱ्याच जणांना ते आपटून परत फिरल्यासारखे दिसतात.

कारण असं की वेळेच्या बाबतीत कान डोळ्यांपेक्षा जास्त नेमके असतात, म्हणून 'कधी आणि किती वेळा' हे ठरवताना मेंदू कानाचं ऐकतो (शब्दशः). 'कुठे' या प्रश्नात मात्र डोळ्यांचीच चलती, म्हणून तर टीव्हीचा स्पीकर बाजूला असला तरी आवाज बोलणाऱ्याच्या तोंडातूनच येतोय असं वाटतं.