नियम तोंडपाठ, तरी उतारा चुकतो: इंग्रजीच्या सरावाबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात चीनमधील हायस्कूलच्या इंग्रजी सरावावर एक टिपण दिले होते. तिथली मुले शाळेच्या शेवटी, जून महिन्यात 'गाओकाओ' ही कॉलेज प्रवेशाची परीक्षा देतात. त्यात इंग्रजीचा पेपर 150 गुणांचा आणि 2 तासांचा असतो, आणि व्याकरण सुट्या वाक्यांतून न विचारता उताऱ्यातून विचारतात, असा त्या टिपणाचा आशय होता. त्यावर सीमाभागातून बरीच पत्रे आली. त्यांतली काही निवडून इथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न: मुलगी मराठी माध्यमात दहावीला आहे. टेन्स, व्हॉइस, आर्टिकल सगळे पाठ आहे. पण उताऱ्यातल्या गाळलेल्या जागा भरायला दिल्या की निम्म्या चुकतात. चीनमधली मुले हे नेमके कसे सोडवतात? — एक पालक, नंदगड, ता. खानापूर

तुमच्या मुलीचे नियम कच्चे नाहीत. नियम कुठे लावायचा, हे ओळखण्याचा सराव तिला मिळालेला नाही. सुट्या वाक्यात 'येस्टर्डे' दिसले की भूतकाळ, 'नाऊ' दिसले की चालू वर्तमानकाळ, अशी खूण पाहून उत्तर लिहिण्याची सवय लागते. उताऱ्यात अशी खूण क्वचितच असते. चीनच्या राष्ट्रीय प्रश्नपत्रिकांनी 2014 पासून पर्याय दिलेली सुटी व्याकरणाची वाक्ये काढून टाकली आणि त्या जागी साधारण 200 शब्दांचा उतारा आणला. त्यात 10 रिकाम्या जागा, प्रत्येकीला दीड गुण, पर्याय एकही नाही. सुमारे सात जागांपुढे मूळ शब्द दिलेला असतो आणि उरलेल्या तीन कोऱ्या असतात.

तिथले शिक्षक पहिल्यांदा एकही जागा न भरता पूर्ण उतारा वाचायला लावतात. एक-दीड मिनिट पुरते. गोष्ट घडून गेलेली आहे की नेहमीची माहिती आहे, एवढे त्यात कळले पाहिजे.

मग मूळ शब्द क्रियापद असेल तिथे एकच प्रश्न विचारायचा: या वाक्याला मुख्य क्रियापद आधीच मिळाले आहे का? बहुतेक गुण इथेच जातात, म्हणून हे नीट पाहू. मूळ शब्द 'बिल्ड' आहे आणि वाक्य असे आहे:

'द टँक, ____ बाय द व्हिलेजर्स लाँग अगो, स्टिल गिव्ह्ज वॉटर इन मे.'

पुष्कळ मुले इथे 'वॉज बिल्ट' लिहितात, कारण 'बाय' दिसले की पॅसिव्ह, हे डोक्यात पक्के बसलेले असते. पण 'गिव्ह्ज' हे मुख्य क्रियापद वाक्यात आधीच आहे आणि दुसरे क्रियापद जोडणारा 'अँड' किंवा 'व्हिच' कुठेच नाही. म्हणून उत्तर नुसते 'बिल्ट'. आता हे वाक्य बघा:

'द टँक ____ बाय द व्हिलेजर्स लाँग अगो, अँड इट स्टिल गिव्ह्ज वॉटर इन मे.'

इथे 'अँड'ने दुसरे वाक्य जोडले आहे. पहिल्या वाक्याला स्वतःचे क्रियापद हवे, म्हणून 'वॉज बिल्ट'. ही दोन वाक्ये मुलीला शेजारी शेजारी लिहायला लावा आणि फरक तिच्याच तोंडून वदवून घ्या.

मुख्य क्रियापद नको असे ठरले की तीन रूपांतून निवड उरते, आणि इथे मराठी मुलांचे काम बरेच सोपे होते. 'बांधलेला तलाव' म्हणजे 'बिल्ट', 'गाळ काढणारी माणसे' म्हणजे 'रिमूव्हिंग', 'गाळ काढण्यासाठी' म्हणजे 'टू रिमूव्ह'. लेला, णारा, ण्यासाठी ही तीन रूपे मुलांच्या तोंडात लहानपणापासून असतात. जागा भरण्याआधी तेवढा तुकडा मनातल्या मनात मराठीत म्हणून पाहायचा. हा ताळा प्रत्येक ठिकाणी बसत नाही. 'विदाउट', 'आफ्टर', 'बाय' अशा शब्दांपुढे मराठीत काहीही येवो, इंग्रजीत 'इंग'चेच रूप येते. 'एंजॉय', 'फिनिश', 'अव्हॉइड' यांच्यापुढेही तेच. असे शब्द वेगळे पाठ करावे लागतात, त्याला इलाज नाही.

कोऱ्या जागेसाठी आजूबाजूला बघायचे. पुढे मोजता येणारे एकवचनी नाम उघडे पडले असेल तर आर्टिकल. दोन मुख्य क्रियापदे आहेत आणि त्यांना जोडणारा शब्द नाही, तर 'बट', 'बिकॉज', 'हू', 'व्हिच' यांपैकी काहीतरी. पुढे नाम आहे पण आधीच्या शब्दाशी त्याचा सांधा जुळत नाही, तर प्रिपोझिशन.

मराठीतून येणाऱ्या दोन चुका मात्र चीनच्या कोणत्याही सरावात सापडणार नाहीत, त्या आपल्या आपणच धुंडाळाव्या लागतात. आपण 'काल बेळगावला गेलो होतो' म्हणतो, म्हणून मूल 'आय हॅड गॉन' लिहिते. हवे असते 'आय वेंट'. 'हॅड' तेव्हाच, जेव्हा दोन घडून गेलेल्या गोष्टींतली एक आधी घडली असेल: 'व्हेन वी रीच्ड द स्टँड, द खानापूर बस हॅड लेफ्ट.' दुसरी चूक 'पासून'ची. 'मी 2019 पासून इथे राहतो' याचे 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स 2019' होत नाही, 'आय हॅव लिव्ह्ड' होते.

प्रश्न: मी सेकंड पीयूसीला (बारावीला) आहे. पॅसेज वाचला की सगळे समजते, पण चार पर्यायांतला नेमका चुकीचाच निवडला जातो. सर म्हणतात पुन्हा वाच. पुन्हा वाचूनही तेच होते. — एक विद्यार्थिनी, येळ्ळूर

पुन्हा वाचून फरक पडत नाही, कारण तू वाचतेस उतारा आणि चूक होते पर्याय वाचताना. गाओकाओत वाचनाचे चार उतारे, त्यांवर 15 प्रश्न आणि प्रत्येकाला अडीच गुण असतात. तिथल्या वर्गात बरोबर उत्तराइतकाच वेळ उरलेले तीन पर्याय का चूक, यावर जातो. फसव्या पर्यायांना त्यांनी नावेच दिली आहेत. एक म्हणजे झांगची टोपी लीच्या डोक्यावर: गोष्ट उताऱ्यातली खरी, पण भलत्याच माणसाच्या नावावर. दुसरा, एका भागाला सगळे समजणे. तिसरा, शब्द उताऱ्यातलेच ठेवून अर्थ गुपचूप बदलणे. चौथा, उताऱ्यात नसलेलेच आणून ठेवणे.

समज, उताऱ्यात लिहिले आहे: भागातल्या काही शेतकऱ्यांनी उसाला ठिबक लावले. पाणी बरेच वाचले. उत्पादनात अजून फरक दिसलेला नाही, पण पुढच्या हंगामात तो दिसेल असे कृषी अधिकाऱ्यांना वाटते. आता पर्याय बघ. 'भागातील शेतकरी ठिबक वापरतात': काहींचे सगळे केले. 'उत्पादन वाढेल असे शेतकऱ्यांना वाटते': टोपी बदलली. 'ठिबकमुळे उत्पादन वाढले': अंदाजाची घडलेली गोष्ट केली. 'ठिबकमुळे खर्च कमी झाला': खर्चाचा उल्लेखच नाही. 'ठिबकचा एक फायदा दिसू लागला आहे': हे बरोबर, आणि हाच पर्याय सगळ्यांत मिळमिळीत वाटतो म्हणून मुले तो सोडतात. उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे असलेल्या पर्यायाकडे आधी संशयाने बघ. बरोबर पर्यायात बहुधा तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगितलेली असते.

करायचे असे. आधी फक्त प्रश्न वाच, पर्याय नको. मग उतारा. उत्तर सापडले त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मार आणि बाजूला प्रश्नाचा क्रमांक टाक. रेघ न मारता उत्तर लिहायचेच नाही, एवढा एक नियम महिनाभर पाळ. 'लेखकाला काय सुचवायचे आहे' अशा प्रश्नालाही रेघ लागतेच, फक्त ती दोन ओळींखाली मारावी लागते. एका उताऱ्याला 7 ते 8 मिनिटे पुरे. घड्याळ लावणे तिसऱ्या आठवड्यापासून सुरू कर. आधीच लावलेस तर घाईत जुन्याच चुका पक्क्या होतील.

आणि उतारे फक्त गोष्टींचे घेऊ नकोस. त्यांच्या पेपरात पहिला उतारा बहुधा जाहिरात, सूचना किंवा माहितीपत्रक असतो. रेल्वेचे वेळापत्रक, खताच्या पोत्यावरचा इंग्रजी मजकूर, औषधाच्या खोक्यातली घडीची पत्रिका, हे सगळे सरावाला चालते.

प्रश्न: वर्गात चाळीस मुले, झेरॉक्सला पैसे नाहीत. असे उतारे शिक्षकाने स्वतः तयार करता येतात का? — एक शिक्षिका, निपाणी

येतात, आणि तयार करणेच जास्त फायद्याचे. पाठ्यपुस्तकातला शिकवून झालेला धडा घेऊ नका. मुले तो आठवणीतून भरतात. खालच्या इयत्तेचे दुसऱ्या अभ्यासक्रमाचे पुस्तक घ्या. 180 ते 200 शब्दांचा, स्वतःपुरता पूर्ण असा तुकडा निवडा. पहिले वाक्य तसेच ठेवा, म्हणजे विषय कळतो. दोन जागांमध्ये निदान 12 ते 15 शब्द जाऊ द्या.

दहा जागांची वाटणी अशी करून बघा: मुख्य क्रियापदाच्या तीन, लेला-णारा-ण्यासाठी जातीच्या दोन, अनेकवचनाची एक, विशेषणाचे क्रियाविशेषण करण्याची एक, आणि कोऱ्या तीन.

बिघडते ते बहुधा कोऱ्या जागांत. 'सम' आणि 'द' दोन्ही बसतात, 'बट' आणि 'अँड' दोन्ही चालतात, आणि वर्गात वाद सुरू होतो. म्हणून उतारा देण्याआधी एका सहकाऱ्याला उत्तरे न दाखवता सोडवायला द्या. त्यांचे उत्तर वेगळे पण बरोबर आले तर ती जागा काढून टाका.

झेरॉक्सऐवजी उतारा हळू वाचून लिहून घ्या. जागा आली की 'रिकामी' म्हणा आणि मूळ शब्द सांगा. ऐकण्याचा सराव त्यातच होतो. तपासायला वह्या गोळा करू नका. मुलांना वह्या अदलाबदल करू द्या, पण प्रत्येक उत्तरापुढे दोन-तीन शब्दांत कारण मराठीत लिहिणे सक्तीचे ठेवा: 'क्रियापद आधीच आहे', 'विदाउटच्या पुढे'. उत्तर बरोबर आणि कारण चूक असेल तर अर्धाच गुण द्या. मुले कुरकुरतील, पण अंदाजाने भरणे त्यानेच थांबते.

चीनच्या जुन्या पेपरातला आणखी एक प्रकार वर्गात फार उपयोगी पडतो. एका छोट्या उताऱ्यात 10 चुका, प्रत्येक चूक एकाच शब्दाची. शब्द राहिला असेल तिथे काकपद (^ ही खूण), जादा असेल तो तिरक्या रेघेने खोडायचा, चुकला असेल त्याखाली रेघ मारून बरोबर शब्द लिहायचा. दहापेक्षा जास्त दुरुस्त्या केल्या तर अकरावीपासून मोजत नसत, त्यामुळे दिसेल ते खोडत सुटण्याला आळा बसे. उतारा तुमच्याच मुलांच्या निबंधांतून नावे न सांगता जोडा.

प्रश्न: चुकांची वही ठेवायला सांगतात. ठेवली, भरली, तरी चुका त्याच. — दहावीचा विद्यार्थी, चिकोडी

तू बहुधा बरोबर उत्तर सुंदर अक्षरात उतरवून घेतो आहेस. चीनमध्येही ही वही घरोघर असते आणि तिथेही हीच गफलत होते. वहीत उत्तर पानाच्या मागे लिही, पुढे फक्त वाक्य आणि चुकीचे कारण. कारणे तीनच: नियम माहीत नव्हता, वाक्य नीट वाचले नाही, घाई झाली. नियम माहीत नसल्याने झालेल्या चुकाच वहीत घे, बाकीच्यांना नुसती खूण पुरे. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी आणि आठवड्याने तेच वाक्य मागे न बघता सोडव. सलग तीनदा बरोबर आले की त्यावर काट मार.

सरावाला कर्नाटक शाळा परीक्षा व मूल्यांकन मंडळाच्या संकेतस्थळावरच्या नमुना प्रश्नपत्रिका फुकट मिळतात, आधी त्या संपव. तुझ्या पेपरात पत्र आणि निबंधही आहे, तेव्हा गाळलेल्या जागांतच सगळा वेळ घालवू नकोस.

प्रश्न: एवढे पेपर सोडवून मुले इंग्रजी बोलतील का? इथे घरात मराठी, बाजारात कन्नड, इंग्रजी फक्त वहीत. — एक पालक, हल्याळ

नुसते पेपर सोडवून बोलणार नाहीत. चीनमध्ये तिसरीपासून इंग्रजी शिकवण्याचे धोरण 2001 मध्ये आले, पण पेपरात उत्तम गुण मिळवणाऱ्याला चार वाक्ये बोलता येत नाहीत, ही तक्रार तिथे जुनी आहे. अशा शिक्षणाला ते 'मुकी इंग्रजी' म्हणतात. त्यावर त्यांच्याकडे दोन उपाय चालतात. एक, पहिल्या तासाआधी सगळा वर्ग मोठ्याने वाचतो. घरी 15 मिनिटे पुरतील, पण आदल्या दिवशी सोडवलेलाच उतारा, सगळ्या जागा बरोबर भरून वाचायचा. व्याकरण मग कानावरून जाते.

दुसरा उपाय अपुऱ्या गोष्टीचा. हा प्रकार झेजियांग प्रांताच्या परीक्षेत 2016 मध्ये आला आणि आता राष्ट्रीय पेपरातही 25 गुणांना असतो. गोष्ट अर्धी दिलेली असते, पुढच्या दोन परिच्छेदांची पहिली वाक्ये दिलेली असतात आणि साधारण 150 शब्दांत ती पुरी करायची असते. घरी 60 शब्दांपासून सुरुवात करा. मुलाने आधी गोष्ट तोंडी सांगायची, हव्या त्या मोडक्या इंग्रजीत, मध्ये कोणी दुरुस्त करायचे नाही. अडलेला शब्द मराठीत म्हटला तरी चालेल. मग लिहायचे, आणि लिहिलेले पुन्हा मोठ्याने वाचायचे. दुरुस्ती त्यानंतर, एका वेळी एकाच प्रकारच्या चुकीची: या आठवड्यात फक्त भूतकाळ, पुढच्या आठवड्यात फक्त आर्टिकल.